दोन गाई आणि चार भाषा

प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा हे ठरायच्या आधीच मी भिंतीवरचं कॅलेंडर रद्दीत देऊन टाकलं. वर्ष संपलं, कॅलेंडर जुनं झालं, एवढंच मी बघितलं. आमच्या दोन्ही गाई कधी भरवल्या ते बायकोनं त्याच्यावर टिपून ठेवलं होतं, आणि माझा प्रोग्रॅम नेमका त्या तारखांसाठीच होणार होता.

तिनं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या वहीतल्या रेतनाच्या तारखा मागून घेतल्या आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"काळी कधी आटवायची तेवढं सांगा. इण्याआधी दोन महिनं धार बंद व्हाया पायजे, न्हायतर गाय खंगती."

"रविवारपर्यंत सांगतो," मी म्हणालो. कुठला रविवार, ते मात्र बोललो नाही.

पहिल्या रविवारी पायथॉन घेतली. संध्याकाळपर्यंत खिडकी उघडली, बटणही दाबलं जाऊ लागलं. शहाण्या माणसानं तिथंच थांबावं. पण ती खिडकी मला तलाठ्याकडच्या अर्जासारखी करडी वाटली. घरच्या गाईला असं कळकट तोंड कसं दाखवायचं? म्हणून पुढं सी शार्प. ती उतरवून घेताना जुन्या लॅपटॉपचा पंखा कडबाकुट्टीसारखा घरघरायला लागला. मग इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं वाचलं, की जावास्क्रिप्टमध्ये वेबपान करा आणि डेस्कटॉपवर चालवा. केलं. दोन गाईंची नावं दाखवायला अख्खा ब्राउझर बरोबर आला.

लोणी देवकरला आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एकजण आहे. डबा खाताना त्याला हे सगळं सांगितलं.

"दोन गाईंच्या वैरणीला उसाचा अख्खा ट्रक मागवलाय व्हय तुमी?" तो म्हणाला. "आधीचं काय येतंय का न्हाय तुमाला?"

"पास्कल. डिप्लोमाला होतं."

"मग ते सोडून येत न्हाय ते कशाला धुंडाळताय?"

मला राग आला, पण त्याचंच ऐकलं. घरी येऊन लाझारस उतरवून घेतलं. पास्कलच, वर बटणं नुसती उचलून ठेवायची. तीन संध्याकाळी काम झालं. त्यातली एक संध्याकाळ बटणाचा हिरवा रंग ठरवण्यात गेली, हेही सांगून टाकतो.

बायको गोठ्यातून आली तशी तिला खुर्चीत बसवलं. चिठ्ठीवरची तारीख टाकून बटण दाबलं. पडद्यावर काळी आटवायची तारीख आली. ती तारीख गेल्या गुरुवारची होती.

मी चिठ्ठीवरची तारीख पुन्हा ताडून बघितली. "आता गं?"

"बोटावर मोजून गुरुवारीच धार बंद केली तिची. तुमच्या रविवाराची वाट बघत बसले असते, तर बिचारी इस्तोवर दूधच देत बसली असती."

"म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतोय," मी हळूच म्हणालो.

तिनं पडद्याकडं पुन्हा एकदा बघितलं. "चालतोय की. आता तांबडीची तारीख टाका. अन् ती इस्तोवर भाषा बदलू नका."