गवतात राहिलेला बूट

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सूर्यास्त पाच शेहेचाळीसला होता. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरांमधल्या, शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या त्या लहानशा गावात शुक्रवारची ही वेळ सगळ्यांना तोंडपाठ असते. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, आणि मग शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत स्वयंपाक नाही, झाडलोट नाही, दुकान नाही. जे रांधायचं ते आधी. आर्डिस वेटमोर लग्न झाल्यापासून, म्हणजे एकावन्न वर्षं, हे करत आली होती. पाचच्या आत ओटा पुसून झाला नाही असा एकही शुक्रवार तिला आठवत नव्हता.

‘आठवत नव्हता’ हे शब्द मनात आले आणि तिने ते लगेच मागे ढकलले.

मसूर-अक्रोडाचा लोफ, म्हणजे पावासारखा भाजलेला ठोकळा, ओव्हनमधून बाहेर काढून ती त्याच्याकडे पाहत उभी होती. यात मीठ घातलं की नाही? मिठाची बरणी ओट्यावर होती, चमचा धुतलेला होता. कांदा परतलेला आठवत होता, अक्रोड कुटलेले आठवत होते. मधला तेवढा भाग कुणीतरी पुसून टाकल्यासारखा कोरा होता.

तिची आई युनिस चौऱ्याहत्तराव्या वर्षी इस्त्री फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर शोधत बसली होती. पुढच्या वर्षी तिने आर्डिसलाच विचारलं, “बाई, तुम्ही कुणाच्या?” आर्डिस आता बहात्तर वर्षांची होती. तिच्या एप्रनच्या खिशात कागदाचे चार कपटे होते. त्यावर शेजाऱ्यांची, पास्टरच्या मुलांची नावं होती. ऑर्लोला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे माहीत नव्हतं. पायांचंही तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पानगळीपासून तळव्यांखाली सतत लोकरीचा थर असल्यासारखं वाटायचं. अनवाणी चाललं तरी पायांत जाड मोजे असल्यासारखंच.

सांगणार तरी कसं? महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या तळघरात ‘साधं ताट’ हा वर्ग ती एकतीस वर्षं घेत होती. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध नाही. रात्री भिजवलेली कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, बागेतला पाला, मूठभर अक्रोड. बत्तीस वेळा चावा. दोन जेवणांच्या मध्ये फक्त पाणी. जेवल्यावर वीस मिनिटं चाला आणि चालताना कुणाची निंदा करू नका. हे सगळं तिने पिवळ्या मुखपृष्ठाच्या एका वहीत लिहून छापून घेतलं होतं. मे महिन्यात तिने मोठ्या सभेत उभं राहून साक्ष द्यायची असं पास्टरने परस्पर जाहीरही केलं होतं: बहात्तर वर्षं, एक औषध नाही, एक गोळी नाही.

“झालं का गं?” ऑर्लो गॅरेजमधून आला. मिशीला कसलातरी चुरा लागला होता. “वास तर फक्कड सुटलाय.”

“चाखून बघ.”

“उद्याचं आज चाखू? तूच हातावर मारशील.”

स्वतः चाखावं तर दोन जेवणांच्या मध्ये फक्त पाणी हा तिचाच नियम. पुन्हा मीठ घालायची सोय नव्हती, आणि विचारायची हिंमत नव्हती.

शनिवारी भक्ती आटोपल्यावर सगळ्यांनी आपापलं भांडं गाडीतून काढून तळघरातल्या लांब टेबलावर आणून ठेवलं. आर्डिस दोन्ही हातांत लोफ धरून गवतातून चालत आली, पायऱ्या उतरली, तो हातून पडला नाही म्हणून मनात देवाचे आभार मानले. तेवढ्यात बर्नडीन स्टूप्सचा आवाज आला. बर्नडीन गावातल्या शाळेत चाळीस वर्षं स्वयंपाकीण होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. चर्चमधल्या बायकांना सगळे सिस्टर म्हणत.

“सिस्टर आर्डिस, हा नवा उपास का? एका बुटाचा?”

सगळ्यांनी खाली पाहिलं. आर्डिसनेही पाहिलं. उजव्या पायात बूट होता. डाव्या पायात नुसता मोजा, तोही ओलाचिंब, टाचेला गवताची काडी चिकटलेली. अख्खं आवार ती तशीच चालून आली होती आणि तिला काही म्हणता काही जाणवलं नव्हतं.

हशा पिकला. आर्डिसही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

“मी आणते!” टॅम्सिन उठली. टॅम्सिन ही वर्गातली सगळ्यात तरुण मुलगी. सहावा महिना लागला होता तिला.

“अगं, पळू नकोस! बूट कुठं पळून जात नाही!” बर्नडीन ओरडली.

बूट आला. जेवणं सुरू झाली. बर्नडीनने लोफचा घास घेतला, दोनदा चावला आणि थांबली.

“आता मीठसुद्धा वगळलंत वाटतं. पान अकरावर लिहून टाका हेही.”

पान अकरा ही आर्डिसची सात वर्षांपूर्वीची भर होती, आणि तिला तिचा अभिमान होता. कारखान्याने बाहेरून मिसळलेलं काहीही ताटात नको, असं ते पान सांगत होतं. डब्यातलं सोयाचं दूध नको, सोयाबीन भिजवून घरी काढा. जेवणावर भुरभुरायचे यीस्टचे पिवळे पापुद्रेही जीवनसत्त्वं घातलेले नकोत, पोत्यातले साधे, शुद्ध आणा. देवाने जमिनीतून दिलं आहे त्यात सगळं आहे.

“मला आवडला लोफ,” टॅम्सिन घाईघाईने म्हणाली. “मी तर सगळं वहीबरहुकूम करते, सिस्टर. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यासुद्धा बंद केल्या. त्याही कारखान्यातल्याच ना?”

“शहाणी पोर,” आर्डिस म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला.

या सगळ्यात ऑर्लो तेवढा हसला नव्हता. घरी येताना गाडीत त्याने हीटर तिच्या पायांकडे वळवला. मग म्हणाला, “बूट निघाला तेव्हा कळलं नाही तुला?”

“थंडीनं पाय बधिर होते.”

“खोटं बोलू नकोस गं. निदान शब्बाथला तरी.”

मग तिने सगळं सांगितलं. पाय, मीठ, कपटे. आणि शेवटी आईचं नाव घेतलं.

सोमवारी ऑर्लो तिला डॉक्टर मिरियल बाप्तिस्त यांच्याकडे घेऊन गेला. डॉक्टर वयाने आर्डिसच्या मुलीएवढ्या, त्याच चर्चच्या, आणि हात हळुवार. त्यांनी पायाच्या अंगठ्याला धातूचा दोन दांड्यांचा, कंप पावणारा काटा लावला. “जाणवतंय?”

“लावलात का?”

डॉक्टरांनी काटा बाजूला ठेवला. “काय खाता ते सांगा.”

हा प्रश्न आर्डिसच्या आवडीचा. तिने पाठ सरळ केली आणि सगळं सांगितलं, बत्तीस चाव्यांसकट.

“फार चांगलं खाता. दूध?”

“सोयाचं. घरी काढते.”

“यीस्ट?”

“साधं. काही न घातलेलं.”

“बी-ट्वेल्व्हची गोळी?”

“गोळी कशाला?” आर्डिस म्हणाली. “मला काही झालेलं नाही.” आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

डॉक्टरांनी ऑर्लोकडे पाहिलं. “तुम्हीही हेच खाता? तुमचे पाय ठीक आहेत?”

ऑर्लोचे कान लाल झाले. “माझं... गॅरेजमध्ये एक कपाट आहे. त्यात कॉर्नफ्लेक्स असतात. रंगीत खोक्यातले. आणि डब्यातलं सोयाचं दूध.”

“किती दिवस?” आर्डिसने विचारलं.

“सात वर्षं.”

एरवी ती महिनाभर बोलली नसती. त्या दिवशी तिने फक्त त्याच्या मिशीकडे पाहिलं.

“त्या खोक्यात बी-ट्वेल्व्ह मिसळलेलं असतं, त्यानेच यांना वाचवलं असावं,” डॉक्टर म्हणाल्या. “भाजीपाल्यात हे एक जीवनसत्त्व मिळत नाही, सिस्टर. बाकी तुमचं ताट उत्तम आहे. पण हे बाहेरूनच घ्यावं लागतं. ते घातलेले दोन डबे, दुधाचा आणि यीस्टचा, तुम्ही नेमके सात वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेत. आता रक्त बघू.”

सोमवार गेला, मंगळवार गेला. आर्डिसने ओट्यावरच्या बरण्या तीनदा पुसल्या. कमी निघावं म्हणून प्रार्थना करायची, की बरोबर निघावं म्हणून, हेच तिला कळेना. बरोबर निघालं तर आईचा रस्ता समोर होता. कमी निघालं तर एकतीस वर्षांचा शब्द खोटा ठरत होता.

बुधवारी दुपारी फोन आला. फारच कमी होतं. इंजेक्शनं लगेच सुरू करायची. विसराळूपणा बहुधा ओसरेल. पायांचं सांगता येत नाही. काही येईल, काही कदाचित येणार नाही. “आईसारखं असेलच असं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आजच वचन देत नाही मी.”

ऑर्लोने खुर्ची ओढून दिली. “बरं झालं. गुपचूप टोचून घेऊ. कुणाला काय कळणार आहे? मेपर्यंत टुणटुणीत होशील.”

आर्डिसला ते क्षणभर पटलं. सभेतली साक्ष, पिवळी वही, बर्नडीनचं तोंड, सगळं डोळ्यांसमोर आलं. खरंच कुणाला कळलं नसतं. मग तिला आपला स्वतःचा हात आठवला, टॅम्सिनच्या गालावरचा. शहाणी पोर.

“गाडी काढ,” ती म्हणाली.

टॅम्सिनच्या ओट्यावर सोयाबीन भिजत होतं आणि वही पान अकरावर उघडी होती. आर्डिसने उभ्याउभ्याच सांगितलं. टॅम्सिनचा हात आपोआप पोटाकडे गेला.

“पण सिस्टर, तुम्हीच म्हणालात...”

“मी चुकले.”

“शनिवारी तर तुम्ही...”

“शनिवारीही चुकले. तुझ्या त्या गोळ्या कुठे आहेत?”

“टाकल्या.” टॅम्सिनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “बाळाला काही झालं असेल का हो?”

आर्डिसला खोटा धीर देता आला असता. एकतीस वर्षं लोक तिच्याकडे उत्तरासाठीच येत होते. “मला माहीत नाही, बाळ,” ती म्हणाली. “डॉक्टर मिरियल वाट बघताहेत. चल, मी येते बरोबर.”

टॅम्सिनने रक्त दिलं, तिच्या गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. अहवाल सोमवारी येणार होता.

परतताना आर्डिसच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. पान अकरा असलेल्या वह्या तिने स्वतःच्या हाताने वाटल्या होत्या. कुणाला, याची यादी नव्हती. लागली नव्हती कधी. तिचं डोकंच यादी होतं.

गुरुवारी सकाळी ऑर्लो कागद घेऊन समोर बसला. ती एकेक चेहरा आठवायची, मग तो टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचा ते, मग त्याने काय रांधून आणलं होतं ते, आणि त्या वासामागून नाव यायचं. कधी यायचंच नाही. मग ती उठून बरणी पुसायची, परत बसायची. ऑर्लो नाव लिहायचा आणि लगेच फोन लावून तिच्या हातात द्यायचा. “मी आर्डिस. पान अकरा फाडून टाका.” कुणी हसलं, कुणी रागावलं, एकाने फोन आपटला. शुक्रवारी दुपारपर्यंत त्रेचाळीस नावं झाली.

चव्वेचाळिसावं येईना.

“लाल केसांची,” आर्डिस म्हणाली. “दाराजवळ बसायची. कंदाचा गोड पदार्थ आणायची. लग्न होऊन ओरेगनला गेली. दोन लहान मुलं आहेत आता तिला. ऑर्लो, दोन लहान मुलं!”

“ए पासून सुरू कर. अ‍ॅडा? अ‍ॅग्नेस?”

“असं नाही येत रे ते.”

खिडकीतलं ऊन फिकट झालं. सूर्यास्त पाच बावन्नला होता आणि ओट्यावर काहीच शिजलेलं नव्हतं. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा. ऑर्लोने गॅरेजमधून रंगीत खोकं आणलं आणि न बोलता टेबलावर ठेवलं. रात्रीचं जेवण तेच झालं.

“ती ओळ रिकामी ठेव,” आर्डिस म्हणाली. झोप तिला लागली नाही. त्या दोन मुलांचे चेहरे तिने कधी पाहिले नव्हते, तरी ते दिसत राहिले.

सकाळी तिने दोन्ही बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या, डोळ्यांनी बघून, कारण पायांवर भरवसा नव्हता. भक्ती चालू असताना पास्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही विनंती आहे का. आर्डिस उठली. समोरचा बाक धरला. तिसऱ्या रांगेत टॅम्सिन बसली होती, दोन्ही हात पोटावर.

“मला एका बाईचं नाव आठवत नाही,” ती म्हणाली. “आणि ते मला आजच हवं आहे. का हवं आहे ते आधी सांगते.”

तिने सगळं सांगितलं. पाय सांगितले, कपटे सांगितले, पान अकरा सांगितलं. “अजूनही मी तेच ताट वाढीन,” ती म्हणाली. “पण त्यात सगळं आहे असं मी म्हटलं, ते खोटं होतं. मे महिन्यातली साक्ष हीच समजा.” मग तिने लाल केस सांगितले, दाराजवळची जागा, ओरेगन, कंदाचा गोड पदार्थ.

मागे कुणाचं तरी बाळ कुरकुरलं. आर्डिसची बाकावरची बोटं पांढरी पडली होती. तिला ती दिसत होती, जाणवत नव्हती.

“ग्लेनिस,” मागच्या रांगेतून आवाज आला. बर्नडीन उभी राहिली होती. “ग्लेनिस फॅरो. आता तिचं आडनाव बदललंय, पण आई इथेच डोंगरापलीकडे राहते. जेवणं झाल्यावर मी नेते तुम्हाला. आणि सिस्टर, गोड नव्हतं ते. सलगम होता, आणि भयंकर होता.”

थोडं हसू उठलं आणि विरलं. ऑर्लोने कोटाच्या खिशातून यादी काढली, चव्वेचाळिसावी ओळ भरली आणि आर्डिसला दाखवली. तिने ते नाव मनात तीनदा म्हटलं. मग तिची नजर टॅम्सिनकडे गेली. सोमवारला अजून दोन दिवस होते.