सेल्मोच्या पिंपातली सिद्रा

"पोरगा येनार हाय, सांगितलं न्हाई का तुला? शनवारी येतोय."

"मागल्या येळंलाबी येनार व्हता, काकू."

"तवा त्याची गोदीत पाळी व्हती. आता रजा टाकलीय त्यानं. तू पाव दे आनि हाल हितनं. खालच्या गावात लोक उपाशी बसली असत्याल."

"लोक कुठं ऱ्हायलीत खालच्या गावात!" कांदिदो म्हणाला. "चार म्हातारी मानसं आनि सात कुत्री. कुत्र्यांना मी पाव इकत न्हाई."

कांदिदो पावाची गाडी घेऊन आठवड्यातून तीनदा वरच्या वाडीपर्यंत चढायचा. वळणावरूनच भोंगा वाजवायचा, आणि बाल्बिना लाकडी खडावा खडखडवत फाटकाशी यायची. तिचा नवरा सेल्मो होता तोवर ती दोन पाव घ्यायची. नोव्हेंबरात तो गेला. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला कांदिदोने सवयीने दोन काढून दिले आणि तिनेही सवयीने घेतले. दुसरा कोंबड्यांनी खाल्ला. तेव्हापासून एकच.

"सोमवारी अमावस्या हाय," गाडी सुरू करता करता कांदिदो म्हणाला. "त्याच्या आत भरून टाका, काकू. नंतर कायबी खरं न्हाई."

"तुझ्या बापाला इचार, बाटल्या कवा भरायच्या ते मला कुनी शिकवलं का कवा."

हे खरंच होतं. अस्तुरियासच्या त्या डोंगरात चंद्र कोणाला शिकवावा लागत नाही. ऑक्टोबरात सफरचंदं कुटून पिळायची, रस पिंपात घालायचा, आणि हिवाळाभर त्याला त्याच्या नादाने खदखदू द्यायचं. मग थंडी सरता सरता, उतरत्या चंद्रात, वारा दक्षिणेचा नसेल असा निवळ दिवस बघून ती सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, बाटल्यांत उतरवायची. चढत्या चंद्रात भरली तर गढूळ होते. आणि भरायची राहिली, झाडांना कळ्या फुटल्या, की पिंपातल्या सिद्रालाही जाग येते, असं म्हणतात. एकदा ती जागी झाली की परत झोपत नाही. आंबट होऊन बसते.

मार्च सरत आला होता. पिंपात होती ती सेल्मोने पिळलेली शेवटची सिद्रा. तीनशे लिटर. पिळल्यावर तीन आठवड्यांनी, गोठ्यात गवत टाकता टाकता तो खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. घरात त्याचे कपडे होते, विळा होता, टोपी होती. पण ह्या गोष्टी काही नासत नाहीत. नासणारं एवढंच होतं. तेवढं वाचवायचं, असं बाल्बिनाने ठरवलं होतं. कशासाठी, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी नेलोचा फोन आला.

"आई, उद्याचं जमत न्हाई गं. जहाज आज लागतंय. सगळ्यांच्या रजा रद्द केल्यात."

"बरं."

"पुढच्या म्हैन्यात नक्की येतो. तवर ऱ्हाईल की पिंपात."

"ऱ्हाईल," ती म्हणाली. समुद्राकाठी वीस वर्षं काढलेल्या माणसाला काय सांगायचं?

एकाला तोटीवर बसावं लागतं, दुसऱ्याला बूच ठोकावं लागतं. हे काम दोघांचंच. तोटी एकदा उघडली की बंद करायची नाही. बारीक, एकसारखी धार ठेवायची, भरलेली बाटली काढता काढताच रिकामी तिच्याखाली सरकवायची. सारखी बंद-उघड केली तर पिंपाला हिसका बसतो, तळातला गाळ उठतो. त्रेचाळीस वर्षं सेल्मो तोटीवर बसला आणि बाल्बिनाने बुचं ठोकली. दिवसभरात दोघं चार वाक्यं बोलायची, त्यांतली तीन शिव्या असायच्या.

पूर्वी असतं तर इर्जिक घातली असती. हाक मारायची, शेजारी यायचे, जेवण घालायचं, आणि त्यांच्या कामाला आपण उलट जायचं. पण उलट जायला अंगात बळ लागतं. सत्तरीची बाई कोणाचं गवत कापायला जाणार? फेडता येत नाही ती मदत मागायची नाही, एवढं तिच्या आईने तिला न शिकवता शिकवलं होतं. शिवाय हाक मारायची तरी कोणाला? वाडीत अकरा घरं, आणि धूर निघत होता दोन धुराड्यांतून. एक तिचं. दुसरं फाउस्तोचं.

आणि फाउस्तोचं नाव त्या घरात एकोणीस वर्षांत कोणी घेतलं नव्हतं.

शनिवारी उजाडायच्या आत तिने गाईची धार काढली, मक्याच्या पिठाची पेज प्यायली आणि खालच्या खोलीत उतरली. बाटल्या आठवडाभर धुऊन उलट्या घालून ठेवल्या होत्या. बुचं कोमट पाण्यात टाकली. बूच ठोकायचं यंत्र पिंपाच्या जितकं जवळ आणता येईल तितकं ओढून आणलं. मग सेल्मोच्या तिपाईवर बसली आणि तोटी अर्धा वळसा उघडली.

धार आली. पिवळसर, निवळ. वासाने तिचं तोंड आपोआप दुसरीकडे वळलं, सेल्मोला काहीतरी सांगायला. मग तिने बाटली नीट धरली.

बारा बाटल्या भरायच्या, तोटी हळूच बंद करायची, उठायचं, बारा बुचं ठोकायची, परत बसायचं. गुडघे पहिल्या तासातच कुरकुरायला लागले. दुसऱ्या तासात तिने त्यांना आईबहिणीवरून दोन शब्द ऐकवले. तिसऱ्या तासात तिने तोंड बंद केलं. ऐकायला कोणी नसलं की शिवीलाही चव राहत नाही.

दुपार व्हायच्या आधी दारात उजेड अडला.

फाउस्तो उंबऱ्याबाहेर उभा होता. हातात टोपी. सेल्मोच्या मातीला तो आला होता तेव्हाही असाच, स्मशानाच्या भिंतीशी, टोपी हातात धरून उभा राहिला होता आणि ती वळायच्या आत निघून गेला होता.

"सकाळधरनं ऐकतोय," तो म्हणाला. "बारा ठोके, की गप. बारा ठोके, की गप. तोटी बंद करतीयास तू."

"करतीया. मग?"

"गाळ उठंल."

"उठू दे. माझा गाळ हाय."

"पोरगा आला न्हाई व्हय?"

"तुला दिसतोय का कुठं? पिंपात बघ."

फाउस्तोने खडावांनी जमीन जराशी उकरली. म्हातारा झाला होता. दाढीचे खुंट पांढरे, सदऱ्याला बटण एक आणि धागे तीन. बायको केली नव्हती त्याने, आणि सहा वर्षं झाली, सिद्राही करत नव्हता. सिद्राची बाटली एकट्याने संपत नाही आणि उघडी ठेवली की मरते, असं तो कांदिदोला म्हणाला होता. कांदिदोने ते पावाबरोबर घरोघर वाटलं होतं.

"मी बसतो तोटीवर," तो म्हणाला. "सांजपातुर हुईल. बदल्यात काय नगं मला."

बाल्बिना यंत्राच्या दांड्याला रेलून उभी होती. मनगट ठणकत होतं. तो आत आला असता तर कोणी पाहिलं असतं? कोंबड्यांनी.

एकोणीस वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत सेल्मोने आपल्या पिंपातली बाटली फोडली होती. डोक्यावरून हात नेऊन, खाली बघितल्याविना, मांडीशी धरलेल्या गलासात धार सोडली होती, आणि पहिला गलास फाउस्तोला दिला होता. लहानपणापासून पहिला गलास त्याचाच. "सांग," सेल्मो म्हणाला होता, "सगळ्यांम्होरं सांग, कशी हाय?" आणि फाउस्तो म्हणाला होता, "पिंपाची चव लागतीया. बापाचं पिंप आता जाळ." सगळी जत्रा हसली. तिकडे गलास एकच असतो आणि सगळ्यांत फिरतो. तळाशी राहिलेला घोट जमिनीवर शिंपडायचा, काठ धुतला जातो, मग पुढच्याची पाळी. सेल्मोने त्याच्या हातातून गलास घेतला आणि तो घोट त्याच्या नव्या बुटांवर ओतला. संपलं. एका वाडीत राहून दोघं पुन्हा बोलले नाहीत.

"एकच म्हन," बाल्बिना म्हणाली. "पिंपाची चव लागत नव्हती म्हन. आनि ये आत."

फाउस्तोने तिच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे.

"मेलेल्याशी खोटं बोलू व्हय?"

"जित्त्याशी खरं बोलाय बरं जमलं तुला."

"त्यानं इचारलं, बाल्बिना. इचारलं नसतं तर म्या मुकाट गिळली असती. आमी दोघं कवाच खोटं बोललो न्हाई. म्हनून तर त्यानं पैला गलास मला दिला. लागत व्हती. आजबी लागत असंल."

"मग जा घरी."

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. बहुतेक तिने परत बोलावं म्हणून. तिलाही वाटलं, तो तरी म्हणेल. एक शब्द, दोघांपैकी कोणाच्याही तोंडून, आणि पिंप संध्याकाळपर्यंत रिकामं झालं असतं. पण डोंगरातली माणसं. त्यांच्यापेक्षा दगड लवकर झिजतो.

"बुचं पान्यात लई येळ ठेवू नगंस," तो म्हणाला. "फुगत्यात." आणि गेला. खडावांचा आवाज त्याच्या फाटकापर्यंत ऐकू आला.

बाल्बिना तिपाईवर बसली, पण तोटी उघडली नाही. खुंटीवरचा गलास काढला. सेल्मोच्या खोलीत बायकांनी ओतायचं नाही असा काही नियम नव्हता. तिने कधी ओतली नव्हती एवढंच. भरलेली एक बाटली घेऊन तिने हात डोक्यावर नेला, गलास मांडीशी धरला. अर्धी धार मनगटावर, चौथाई जमिनीवर. गलासात बोटभर आली. फेस बसायच्या आत तिने एका दमात प्यायली.

पिंपाची चव लागत होती. ओलं, जुनं, चेस्टनटचं लाकूड, आणि त्याच्या मागे कुठेतरी सफरचंद.

तिला ते लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. सेल्मोने तिला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं, आणि मग बहुधा बूट तिचे भिजले असते. फाउस्तोवर तिचा राग होता तो ह्याचाच: जे ती इतकी वर्षं गिळत आली, ते त्याने एका घोटात थुंकून टाकलं होतं. सेल्मो जिवंत असता तर कधीतरी तिने मध्ये पडून मिटवलंही असतं. मेलेल्या नवऱ्याचं भांडण बायकोला मिटवता येत नाही. ते नुसतं सांभाळायचं.

गलासाच्या तळाशी जराशी उरली होती. तिने ती काठावरून फिरवून जमिनीवर शिंपडली आणि हात पुढे केला, पुढच्याला द्यायला. मग गलास परत खुंटीला अडकवला.

चार वाजेपर्यंत धार गढूळ यायला लागली. तिने तोटी अजून कमी केली, पिंपाखाली पाचर सारली, श्वास रोखून बाटली बदलली. काही उपयोग झाला नाही. गाळ उठला होता. उजवं मनगट आता दांडा खाली दाबू देत नव्हतं. शेवटची सहा बुचं तिने छातीचा भार टाकून बसवली. तोवर एकशे चौसष्ट झाल्या होत्या. पिंपात अर्ध्याहून जास्त सिद्रा होती, आणि त्या रिकाम्या जागेत आता हवा होती. उद्या ती सिद्रा राहणार नव्हती.

ती रडली नाही. रडायला बसली असती तर उठायला कोणी हात दिला नसता. पिंपाच्या वरच्या भोकातलं बूच तिने काढून टाकलं आणि त्यावर जाड फडकं बांधलं. बूच घट्ट असेल तर सिद्रा नुसती कुजते. फडक्यातून वारा लागला तर निदान चांगला सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. दीडशेहून जास्त लिटर सिरका. एवढ्यात वाडीतले सगळे मेलेलेसुद्धा लोणचं घालून टिकवता आले असते.

भरलेल्या बाटल्या एकेक करून भिंतीशी आडव्या लावत असताना नेलोचा फोन आला.

"मग, आई? भरल्यास का? कोन मिळालं?"

"भरल्या."

"एकटीनं? समद्या?"

"पुरतील इतक्या."

"मी आलो की उघडू गं," तो म्हणाला. "पैला गलास तुला."

"जेवलास का?" तिने विचारलं. त्याने काय खाल्लं ते सांगितलं, आणि फोन ठेवला.

वर गोठ्यात गाय हंबरत होती. पहाटेच्या धारेनंतर बाल्बिना एकदाही तिच्याकडे फिरकली नव्हती. तिने तिपाई उचलून भिंतीला लावली, यंत्राचा दांडा पुसला, भांड्यातली फुगलेली बुचं कोंबड्यांच्या अंगणात भिरकावली. मनगटाला ओलं फडकं गुंडाळून बादली डाव्या हातात घेतली आणि गोठ्याची वाट धरली. डाव्या हाताने धार काढायला दुप्पट वेळ लागणार होता.

"आले गं आले," ती गाईला म्हणाली. "वरडू नगंस. तुला काय, उभं ऱ्हायचंय नुसतं."