सात एकांची दुरुस्ती

भुरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात वांगी निवडत होतो. वांगी तशीच टाकून घरी आलो. महिना होत आला, पण त्यांच्या घरावरून जाताना पाय अजून आत वळतात...

आम्ही एकाच शाळेत वीस वर्षं शिकवलं. ते गणित, मी मराठी. दरवर्षी सातवीच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर ओळीने सात एक लिहायचे. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. "हे मूळ संख्या आहे. इले कोणाचाच भाग जात नाही," असं ठणकावून सांगायचे. मला त्या ठामपणाचा हेवा वाटायचा. माझ्या विषयात इतकं ठाम काही नव्हतंच.

सर निवृत्त झाले, गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आणि एका दुपारी त्यांची जुनी विद्यार्थिनी शेवंता एक चुरगळलेला कागद घेऊन आली. ती कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणते. मी सरांकडेच चहा पीत होतो.

"सर, याले भाग जाते. दोनशे एकोणचाळीसनं. मागावर हात चालते, डोकं रिकामंच रायते, म्हणून भागत बसली."

सरांनी दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास करून पाहिलं. खाली सात एक उतरले. त्यांनी स्वतः दोनशेपर्यंतच भागून पाहिलं होतं. जायला हवं होतं हजाराच्याही पुढे.

"थकलो होतो तवा," ते म्हणाले. "अन् थकलो, हे पोरायले सांगतलं नाही."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांची नावं एका वहीत उतरवली आणि एसटीने हिंडू लागले. शहापूर, साकोली, पार गोंदियाकडची गावं. साकोलीच्या स्टँडवर तर त्यांनी कंडक्टर झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठून तिकिटाच्या पाठीवर गुणाकार करायला लावला. प्रवासी कुरकुरत होते. सात एक आले तेव्हाच सरांनी त्याला घंटी मारू दिली.

"काहून हिंडून रायले सर? कोणाले आठवते ते?" मी चिडवायचो.

"मले आठवते ना."

मीही कितीतरी कवितांचे चुकीचे अर्थ सांगितले असतील. एकाही मुलाचं दार मी ठोठावलेलं नाही. या माणसाच्या शेजारी वीस वर्षं बसलो, याचा आज अभिमान वाटतो आणि थोडी लाजही.

परवा भुरे वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. भेट झालेल्या प्रत्येक नावापुढे लाल खूण आहे. शेवटची चाळीसेक नावं कोरी आहेत... ही माणसं कुठे असतात मला माहीत नाही, आणि माझे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. म्हणून इथे लिहितो. तुम्ही भुरे सरांकडे सातवीत असाल, तर सात एकांना दोनशे एकोणचाळीसने भाग जातो. सरांची चूक झाली होती. गुणाकार करून पाहा आणि मला कळवा. वही टेबलावर उघडीच आहे, लाल पेन शेजारी ठेवलंय.