कुमाझोचं अर्धं वाक्य

कुमाझो निशिवाकी तीस वर्षं मरत होता, आणि मरण्यात अख्ख्या क्योतोत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तलवारपटांचा स्टुडिओ तो. नायक एकटा, समोर वीस गुंड. विसातले एकोणीस नुसते पडायचे, कुमाझो मरायचा. तलवार पोटावरून गेली की आधी तो थबकायचा, हे काय भलतंच झालं असा चेहरा करायचा, मग टाचेवर एक अख्खी गिरकी, मग कमरेतून मागे असा वाकायचा की शेंडी जमिनीला टेकावी, आणि मग धप्प. धूळसुद्धा बेतानं उडायची. "नायकाचं काय, तलवार फिरवली की सुटला," सार्वजनिक न्हाणीघराच्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून तो सांगायचा. "ती लागली हे सिद्ध कोण करतं? मी!"

त्या स्टुडिओत एक रीत होती. कॅमेऱ्यापुढे जो मरेल त्यानं उठण्याआधी मोठ्यानं हसायचं. हसल्यावर कुणीतरी त्याच्या खांद्यावर चिमूटभर मीठ टाकायचं, मगच बाकीच्यांनी जागचं हलायचं. नाहीतर मरण चिकटून घरापर्यंत येतं म्हणे. कुमाझो सगळ्यांच्या आधी हसायचा. कधीकधी तर दिग्दर्शकानं 'कट' म्हणायच्याही आधी, आणि मग शिव्या खायचा.

मूळचा तो नाटकवाला. गावोगाव फिरणाऱ्या मंडळीत त्याचं बालपण गेलं, आणि बायकोही त्याला तिथंच मिळाली. ओतोकी विंगेत बसून तीन तारांचं शामिसेन वाजवायची. म्हातारे गुरुजी सांगत, "शेवटच्या रांगेत चटईवर बसून डबा खाणारी आजी असते ना, तिला घास चावता चावता कळलं पाहिजे की तू मेलास." मग लढाई आली आणि कुमाझोला दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर धाडलं. एकशेऐंशी गेले, अकरा परतले. त्याबद्दल तो बोलायचा नाही. कुणी फारच खोदलं तर म्हणायचा, "तिकडे अभिनय फार वाईट चालायचा," आणि साबण मागायचा.

इतक्या मरणांत त्याला वाक्य म्हणून कधी मिळालं नाही. 'धरा!', 'आई गं!' एवढंच. पडद्यावर नाव नाही ते नाहीच.

आणि मग लढाई संपून बारा वर्षं झाली असताना तोक्योहून मिनोबे नावाचा दिग्दर्शक आला. वय चौतीस, जाड भिंगांचा चष्मा, आणि सर्दी. त्याला युद्धपट काढायचा होता, पण आपल्या शिपायांच्या डोळ्यांतून. सेनापती नाहीत, नकाशे नाहीत. उपाशी, तापानं फणफणलेले पाच शिपाई आणि एक नदी. शत्रूचं तोंड दिसणारच नव्हतं. बूट आणि पाठ, बस्स.

ती पाठ गेन्पाचीला मिळाली. गेन्पाची हा कुमाझोचा जन्माचा जोडीदार. वीस वर्षं दोघं एकाच नायकाच्या एकाच फटक्यात मरत आले होते. त्याच्या टकलावर तांबूस केसांचा टोप बसवला आणि त्याला टेकाडावर पाठमोरा उभा केला.

"काय रे, कसं वाटतंय?" कुमाझोनं विचारलं.

"उंच वाटतंय," गेन्पाची म्हणाला. "आणि पोट भरल्यासारखं."

कुमाझोला त्या पाचांतल्या म्हाताऱ्या नाइकाचं काम मिळालं. नदीकाठी बसायचं, 'इथून आपलं गाव कुठल्या बाजूला असेल रे?' असं विचारायचं आणि मरायचं. अख्खं एक वाक्य! आणि सुरुवातीच्या नामावळीत नाव, शेवटून सहावं.

ओतोकीनं गल्लीभर करून टाकलं. आठवड्याभरात टोफूवाला शिंग वाजवून झालं की दारोदार तेच वाक्य म्हणायला लागला. न्हाणीघराची मालकीण ओसेई गल्ल्यावर बसून म्हणायची, "जरा गळ्यातून काढा, कुमाझोसान. गाव कुठंय ते मला रडत विचारा." तेवीस जणांनी सिनेमाला एकत्र जायचं ठरवून टाकलं, आणि सिनेमा अजून सुरूही झाला नव्हता.

मिनोबेची अट एकच होती. तीन आठवडे पेज आणि लोणचं, दुसरं काही नाही. शिपाई खंगलेले दिसले पाहिजेत.

"सरकारनं उपाशी ठेवलं तेव्हा पेजही नव्हती," कुमाझो बायकोला म्हणाला. "म्हणजे देश पुढं गेला म्हणायचा."

नोव्हेंबरात, डोंगरातल्या एका गारठलेल्या ओढ्यावर चित्रीकरण लागलं. भोवती सगळी बांबूची बनं. ते दक्षिणेचं रान वाटावं म्हणून एका देवळातून केळीच्या सहा कुंड्या मागून आणल्या होत्या. प्रत्येक दृश्याआधी त्याच सहा कुंड्या उचलून नव्या जागी मांडायच्या. पान फाटू नये म्हणून देवळाचे पुजारीबुवा जातीनं बरोबर फिरत. नटांच्या अंगावर चिंध्या आणि घामाच्या नावानं शिंपडलेलं बर्फासारखं पाणी. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडात बर्फाचा खडा. बोलायची वेळ आली की तो थुंकायचा आणि दात वाजायच्या आत वाक्य उरकायचं.

कुमाझोनं बर्फ थुंकला. मान हळूहळू वळवली, एक डोळा तिरपा केला, आणि छातीच्या तळातून आवाज काढला, "इथूऽऽन... आपलं गाऽऽव..." ओढ्यापलीकडे कुत्रं भुंकायला लागलं. वाक्य संपलं तसा तो ताडकन उठला, गिरकी घेतली, मागे वाकला आणि एका केळीला घेऊन कोसळला.

"माझं पान!" पुजारीबुवा ओरडले.

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. कुमाझो पडल्या पडल्या हसला. मीठ पडलं.

मिनोबेनं नाक पुसलं. "निशिवाकीसान, तुम्हाला ताप आहे. तलवार लागलेली नाही."

दुसऱ्या खेपेला कुमाझोनं गिरकी बसल्या बसल्या घेतली. तिसऱ्या खेपेला घेतली नाही, पण ती न घेण्याचे कष्ट त्याच्या तोंडावर इतके दिसले की कॅमेऱ्यावाल्याला हसू आवरेना. चौथ्यांदा मेल्यावर त्यानं एक डोळा किलकिला करून कसं झालं ते पाहिलं.

"दरीतलं ऊन तीन वाजता जातं," मिनोबे म्हणाला. राग त्याच्या आवाजात नव्हता, सर्दीच होती. "जेवणानंतर एकदाच घेऊ. नाही जमलं तर वाक्य दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. वयानं जुळणारा..." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि नजर टेकाडावर गेली.

"मी?" गेन्पाची तिथून ओरडला. "अहो, मी अमेरिका आहे!"

जेवणाच्या सुट्टीत ओतोकी आली. एका पुरचुंडीत मीठ, एका डब्यात पेज. नवऱ्याच्या मरणाचं मीठ तिला दुसऱ्याच्या हातून आवडत नसे. तिला झालेलं सगळं पुजारीबुवांनीच सांगितलं होतं, पानासकट.

"अहो, तिकडं बेटावर माणसं कशी मरायची?" तिनं विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"वाईट. अगदी वाईट. कळायचंच नाही." कुमाझोनं पेजेचा घोट घेतला. "तोकुदा म्हणून एक होता आमच्यात. पोटरीला गुंडाळायची पट्टी सुटली म्हणून वाटेत खाली बसला, गुंडाळायला लागला. गाव कुठं, आंघोळ कुठं, असलं काहीतरी पुटपुटत होता. मी मागे. मी म्हटलं, चल की गाढवा, किती वेळ लावतोस! कंपनीचं मीठ त्याच्याकडं होतं ना, त्याला सोडून जाता येईना. चांगला घटकाभर शिव्या घालत होतो मी त्याला." त्यानं पेज ढवळली. "ना आवाज, ना हालचाल. वाक्यसुद्धा अर्धंच. आमच्या मंडळीत असता तर गुरुजींनी त्याच दिवशी हाकलला असता."

ओतोकीनं लोणच्याची फोड त्याच्या पेजेत टाकली. "मग तसं करा की."

"वेडी आहेस? शेवटच्या रांगेतल्या आजीला काय कळणार?"

"शेवटच्या रांगेतली आजी आता मीच आहे. मला कळेल."

"आणि वाक्य? पट्टी गुंडाळता गुंडाळता मरायचं तर ते पुरं होणार नाही. तीस वर्षांनी मिळालंय, ओतोकी. गल्लीला पाठ आहे."

"ते तुमचं वाक्य, तुम्ही बघा," ती म्हणाली आणि डबा धुवायला ओढ्यावर गेली.

अडीच वाजता कुमाझो जागेवर बसला. त्यानं दिग्दर्शकाला काही सांगितलं नाही. फक्त उजव्या पायाची पट्टी सोडून ठेवली. पुजारीबुवांनी जवळची केळ धरून ठेवली, न जाणो.

कॅमेरा सुरू झाला. कुमाझोनं बर्फ थुंकला आणि पट्टी गुंडाळायला घेतली. एक वेढा, दुसरा वेढा. तिसरा सैल बसला म्हणून तो वैतागला, उलगडला, परत घातला. आणि हरवलेला टॉवेल विचारावा तशा आवाजात, वर न बघता म्हणाला, "अरे, इथून आपलं गाव..."

हात आणखी अर्धा वेढा फिरला. पट्टीची गुंडाळी बोटांतून सुटली आणि उतारावरून उलगडत पाण्यापर्यंत गेली. कुमाझो ती उचलायला वाकला नाही.

सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. पुजारीबुवा पडण्याची वाट बघत राहिले. कॅमेरा घरघरत होता. मिनोबेनं 'कट' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच होतं.

पहिली हालचाल शत्रूनं केली. टेकाडावर पाठ करून उभ्या असलेल्या गेन्पाचीला मागची शांतता सहन झाली नाही. त्यानं वळून पाहिलं. वीस वर्षं त्यानं कुमाझोची सगळी मरणं शेजारून पाहिली होती. त्यांत हे नव्हतं. तो उतारावरून धडपडत निघाला. "कुम्या! ए कुम्या! ऊठ रे माकडा!" टोप वाटेतच गळून पडला.

"कट," मिनोबे कसाबसा म्हणाला.

आता हसायचं होतं. सगळे जागच्या जागी उभे. ओतोकी चिमटीत मीठ घेऊन उभी. कुमाझोनं डोळे उघडले, पण हसू येईना. त्यानं तोंड उघडून पाहिलं. नुसतीच वाफ आली.

"गाढव म्हणालो मी त्याला," तो हळूच म्हणाला.

गेन्पाची धापा टाकत पुढ्यात येऊन उभा राहिला होता. अंगावर अमेरिकेचा गणवेश, वर उघडं टक्कल. कोण, कुणाला, त्याला काही ठाऊक नव्हतं. "मग मला म्हण," तो म्हणाला. "मी आहे इथं."

कुमाझोनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "गाढवा," तो म्हणाला, "तू शत्रू ना रे? मला उठवायला काय धावतोस?"

आणि मग त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतूनही. ओतोकीनं चिमूट सोडून अख्खी पुरचुंडीच त्याच्या डोक्यावर उपडी केली.

गेन्पाचीच्या हाकेआधीचं सगळं मिनोबेनं चित्रपटात ठेवलं, कात्री न लावता.

वसंतात तेवीस जण सिनेमाला गेले. नामावळीतलं शेवटून सहावं नाव ओतोकीनं पिशवीतून चष्मा काढेपर्यंत निघूनही गेलं. पुढं नदी आली, पट्टी आली, "अरे, इथून आपलं गाव..." आलं आणि थिएटर गप्प झालं. तेवढ्यात मधल्या रांगेतून टोफूवाल्यानं खणखणीत आवाजात पुरं केलं, "कुठल्या बाजूला असेल रे!" बाहेर काढता काढता राहिले त्याला.

शेवटच्या रांगेत ओतोकी बसली होती. घराकडं वळल्यावर, कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानापाशी, ती थांबली.

"तीस वर्षांनी एक वाक्य मिळालं, तेही अर्धं खाल्लंत."

"उपाशी होतो," कुमाझो म्हणाला, आणि पडदा सारून दुकानात शिरला.