खसखशीएवढे आशीर्वचन

माझ्या नातवाचे बारसे जर्मनीत झाले आणि त्याचे पौरोहित्य मी जालन्यात बसून, बहुतांशी नाकाने केले.

(प्राणायामाशी याचा काहीही संबंध नाही. तसा असता तर हे मी अभिमानाने सांगितले असते!)

आमची कन्या शुभदा हिला लग्नानंतर फार वर्षांनी, ईश्वरकृपेने, पुत्र झाला. माझ्या गुडघ्यांनी विमानप्रवासास स्पष्ट नकार दिलेला. तेव्हा शुभदाने फोनवर एकच मागणे मागितले.

"बाबा, आजोबांनी रचलेलं आशीर्वचन तुमच्याच आवाजात व्हायला हवं. ते झालं की मगच आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगतील. आणि मुहूर्त चुकवू नका हं!"

मंत्र मला मुखोद्गत आहेत. वडिलांचे ते दीर्घ आशीर्वचन मात्र नाही. हस्तलिखिताची पाने हात लावताच झडू लागली, म्हणून आमच्या सूनबाई मुग्धा हिने ते सारे आपल्या लॅपटॉपमध्ये टंकून ठेवले होते. बारशाच्या दिवशी तिने त्या लॅपटॉपला एक नवाकोरा मॉनिटर जोडला. देवघराच्या दारापेक्षा रुंद! त्याच्या माथ्यावर कॅमेराही बसवला.

"बाबा, एका बाजूला शुभदाताई दिसतील, दुसऱ्या बाजूला पोथी. मान वळवायलाही नको!"

पडदा मोठा, त्याअर्थी अक्षरही मोठे, असे मी अनुमान केले. माझा न्यायशास्त्राचा अभ्यास कच्चा राहिल्याचे पुढच्याच क्षणी सिद्ध झाले. लॅपटॉपवर जे अक्षर हरभऱ्याएवढे दिसे, ते या विशाल पडद्यावर खसखशीएवढे झाले होते!

"नीट दिसतंय ना, बाबा?"

सुनेने स्वतःच्या मिळकतीतून, एवढ्या मायेने आणलेल्या वस्तूत दोष काढणे मला रुचेना. "सुस्पष्ट!" मी म्हणालो. (मंगल प्रसंगी असत्य भाषण केले. फळासाठी पुढच्या जन्मापर्यंत थांबावे लागले नाही.)

मुग्धा समाधानाने बारशाच्या घुगऱ्या परतायला स्वयंपाकघरात गेली.

जर्मनी पडद्यावर अवतरली. पाळणा, शुभदा, जावई, आत्याबाई आणि मागे अदबीने उभी असलेली शेजारची जर्मन मंडळी. मंत्र निर्विघ्न पार पडले. आशीर्वचन आरंभिले, आणि पहिली ओळ दिसेना म्हणून मी पुढे वाकलो. तरी दिसेना. आणखी वाकलो. कॅमेऱ्याचा मला संपूर्ण विसर पडला होता. इतका, की जर्मनीतील त्या दिवाणखान्यात आता फक्त माझे नाक होते!

एक ओळ वाचून मान वर केली, तर काय पाहतो? सारी जर्मन मंडळी कमरेतून वाकलेली! मी ताठ झालो, तीही ताठ झाली. मी वाकलो, तीही वाकली. परदेशस्थांची ती श्रद्धा पाहून माझे डोळे भरून आले. (त्यामुळे उरलेसुरले अक्षरही दिसेनासे झाले!)

"अहो, भिंग घ्या की!" आमच्या सौभाग्यवतींनी पंचांगाजवळचे भिंग पुढे केले. मी ते डोळ्यांपुढे धरले. तिकडे माझा एकच डोळा पडदाभर पसरला असणार, कारण मागच्या एका उंच गृहस्थाने आपला चष्मा काढून भक्तिभावाने एका डोळ्यासमोर धरला!

नेमके त्याच वेळी सौभाग्यवतींचे बंधू दिगंबरराव आष्टीहून येऊन दारात उभे ठाकले.

"दाजी! मी बारशाला आल्तो, अन् तुम्ही तं टीव्हीत घुसून राह्यले!"

"दिगू, हळू बोल. जर्मनीत ऐकू जातंय!" सौभाग्यवतींनी दटावले.

"जाऊ दे की ताई. अक्षर दिसून न्हाई राह्यलं का, दाजी? सरका बरं जल्दी. जिंदगीभर हापिसात कंप्युटर चालवला म्या." त्यांनी लॅपटॉपचा उंदीर हाती घेतला. "हे बघा, इथं स्केल लिव्हलंय, शंभर टक्के. करू साडेतीनशे. अन् पोथीचं अक्षर बी वाढवून टाकू. कमी नको पडायला!"

कमी पडले नाही. त्या अवाढव्य पडद्यावर आशीर्वचनातील एकच अक्षर मावले. "आ"!

"आ..." मी म्हणालो आणि पुढच्या अक्षराची वाट पाहू लागलो.

"आ..." जर्मन मंडळींनी एकमुखाने साथ दिली. त्या गजराने पाळण्यातले बाळ जागे झाले आणि त्यानेही "आ" लावला!

"दिगंबरराव, पुढचं अक्षर कुठंय?"

"इथंच होतं, दाजी... बिलकुल इथंच!"

जावयांचा आवाज आला, "बाबा, मुहूर्ताला थोडाच वेळ उरलाय." पाठोपाठ शुभदाचा, अगदी हळू, "बाबा, आजोबांचं आशीर्वचन राहूनच जाणार का हो?"

त्या स्वराने माझा सारा भिडस्तपणा गळून पडला. "मुग्धा, बाळ, धाव!"

ती हातातल्या झाऱ्यासह धावत आली. क्षणभर पडद्याकडे, क्षणभर भिंगाकडे आणि थोडे अधिक क्षण आपल्या मामेसासऱ्यांकडे पाहून म्हणाली, "बाबा, मघाशीच सांगायचं ना! या पडद्यात ठिपके फार दाट आहेत, म्हणून सगळं बारीक दिसतं. मला कामाला तसंच लागतं. तुम्हाला दोनशे पुरे." दोनदा टिचकी वाजली, आणि वडिलांचे शब्द ओळीने माझ्यासमोर उभे राहिले.

लहानपणी मला दिसावे म्हणून वडील पाटीवर ठळक अक्षर काढून देत. त्यांना कधी न पाहिलेल्या सुनेने आज तेच केले. मी मनोमन तिला नमस्कार केला आणि ताठ बसून आशीर्वचन पूर्ण वाचले. आत्याबाई बाळाच्या कानाशी झुकल्या. मुहूर्त सरण्यापूर्वी आमचा नातू 'वरद' नावाचा झाला. सौभाग्यवतींनी डोळे पुसले, दिगंबररावांनी घुगऱ्यांची वाटी ओढली.

मी मात्र वाकायचे थांबलो म्हणून जर्मन मंडळी फारच अस्वस्थ दिसत होती.

जरा वेळाने शुभदा हसू दाबत म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात या शेजाऱ्यांच्या मुलीचं नामकरण आहे. तुमचं ते वाकणं त्यांना फार भावलंय. विचारतायत, शास्त्रात किती वेळा वाकायला सांगितलंय?"

मुग्धाने तोंडाला ओढणी लावली. दिगंबरराव म्हणाले, "सांगा, दाजी, सांगा!"

आयुष्यभर शास्त्राधाराविना मी एक शब्द उच्चारलेला नाही. घसा खाकरला आणि धीरगंभीर स्वरात सांगितले,

"अक्षर दिसेपर्यंत!"