मधला काळा गोल

"आपण नळ्या धुता की नुसत्या ओवाळता?" आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले. लॅबमधली पोरं हसली.

समोर लॅबच्या काचनळ्या धुणारी आत्या उभी होती. माझी सख्खी आत्या. हे फक्त तिला आणि मला ठाऊक. मी टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा मीच तिला बजावलं होतं, इथं ओळख दाखवू नकोस. मार्केट यार्डामागची आमची वस्ती कुणाला कळायला नको होती. चारचौघांत ती मला "अहो साहेब" म्हणायची.

हिंजवडीला कंपन्या उभ्या राहत होत्या, ती वर्षं. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी आपली पेशी कोणती, परकी कोणती, हे कसं ओळखतात ते आम्ही बघायचो. पेशींना चमकणारा रंग लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश सोडायचा. दोन पेशी भिडतात तिथं हिरवी रेघ उजळते. त्या दिवशी सरांच्या काचपट्टीवर ती उजळेना. नळीत साबण राहिला, त्यानं रंग मेला, असं त्यांनी ठरवलं.

"तुमच्या वस्तीत चालत असेल हे. इथे नाही."

आत्यानं सगळ्यांदेखत त्याच नळ्या तीनदा धुतल्या. मी वहीत डोकं खुपसलं.

सर जेवायला गेल्यावर मी काचपट्टी जराशी सरकवली. मधला एक गोल तेवढा काळा. बाहेरच्या पेशी लखलखत होत्या. साबण असता तर सगळंच विझलं असतं. प्रकाश एकाच जागी फार वेळ राहिला की रंग विटतो. सकाळी सूक्ष्मदर्शकाचा दिवा तसाच चालू ठेवून सर फोनवर गेले होते, तासाभरानं आले. मी पाहिलं होतं. त्यांना हे कळलं नसेल? मला अजून पटत नाही.

तरी मी गप्प बसलो. चार तास.

संध्याकाळी सर म्हणाले, "बाईंना उद्यापासून सुट्टी." तेव्हा उठलो.

"सर, दिवा तुमच्याकडून चालू राहिला. काचपट्टी सरकवून बघा. आणि ही माझी आत्या आहे."

त्यांनी काचपट्टी पाहिली नाही. मला पाहिलं, पायापासून वरपर्यंत.

"अच्छा. म्हणजे आपणही तिकडचेच."

त्या गोलाचा फोटो काढून मी संचालकांच्या टेबलावर ठेवला. आत्याची नोकरी राहिली. मी काढलेला पेशींचा प्रत्येक फोटो मात्र त्यानंतर दुसऱ्याकडून तपासून घेतला जाऊ लागला.

बाहेर आत्या एवढंच म्हणाली, "सकाळीच का न्हाई बोललास?"

आजही कुणी गोड आवाजात "मूळचे कुठले?" विचारलं की मला त्याचा संशय येतो. त्याहून जास्त माझा. म्हणून आता विचार करत बसत नाही. जिथं कुणाला खाली बघायला लावतात, तिथंच तोंड उघडतो. नोकरी जायची तर जावो.