सेम टू सेम

रघुपतीअण्णा माझे घरमालक. मी मूळची निपाणीची. गेली सहा वर्षं बसवनगुडीत त्यांच्या माडीवर भाड्याने राहते आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. त्यामुळे कुणाचं कौतुक करायची मला फारशी सवय नाही. इथे करावं लागणार आहे, काय करता.

अण्णांचं घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आलं. हे ते अशा थाटात सांगतात, की परवाच आले असावेत आणि सामान अजून सोडायचं राहिलं असावं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. के. आर. पुरमच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. सकाळी सहाची बस पकडायची, संध्याकाळी परत यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची. गणपतीचे मांडव, नोव्हेंबरातला कर्नाटक राज्योत्सव, लग्नाची रिसेप्शनं, काही सोडलं नाही.

बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. मांडवातल्या हजार माणसांत तिच्याकडे एकाचंही लक्ष नसतं. बाकीच्या ऑर्केस्ट्रांतले बेसवाले म्हणूनच सोपे तीन सूर धरून वेळ मारून न्यायचे. अण्णांना ते खपायचं नाही. रेकॉर्डमध्ये जे वाजलंय ते तसंच्या तसं वाजलं पाहिजे, सेम टू सेम. टेपरेकॉर्डरला कान लावून दोन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा मागे घ्यायचा आणि बोटांत बसेपर्यंत ऐंशी वेळा वाजवायचा. एकदा मल्लेश्वरमला कुणी गृहस्थ स्टेजच्या मागे येऊन, टेप तर लावलेली नाही ना, हे तपासून गेले. अण्णांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. मला त्यांनी ते आजवर नऊ वेळा सांगितलंय.

मागच्या जानेवारीत माझ्या ऑफिसातला प्रणीत रडकुंडीला आला होता. त्याचा एक रॉक बँड आहे, नाव ‘बॅकगेट’. ऑफिसच्या मागच्या फाटकाशी चहा पिता पिता जमला म्हणून हे नाव. एरवी ही मंडळी नुसती ओरडतात. पण या वेळी प्रणीतच्या मनात आलं, की लोक नाचतील असं एक गाणं करावं. डिस्कोचा ठेका, फंकची तुटक तुटक गिटार. गाण्याचं नाव ‘लिफ्ट’. शब्द कन्नड, सूर तयार, ड्रम वाजवून ठेवलेले, शनिवारी रेकॉर्डिंग ठरलेलं, आणि बेसवाल्याची हैदराबादला बदली झाली. डिस्कोत बेस नसेल तर गाणं उभंच राहत नाही म्हणे.

“आमच्या घरमालकांना विचारू का?” मी म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सोमवारी संध्याकाळी मी अण्णांना जे. पी. नगरच्या तळघरातल्या स्टुडिओत घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, खांद्याला गिटार. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला बघून पोरं उठून उभी राहिली. अण्णांनी तारा जुळवल्या आणि म्हणाले, “सरी, ठीक. रेकॉर्ड लावा.”

“रेकॉर्ड अजून व्हायचंय, अंकल,” प्रणीत म्हणाला.

“मग मी काय वाजवू?”

“तुम्हाला वाटेल ते.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इथेच घोडं पेंड खात होतं. चाळीस वर्षांत ‘वाटेल ते वाजवा’ असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना तिथे घेऊन जाताना ही अडचण माझ्याही डोक्यात आली नव्हती. त्यांनी दोन-तीनदा बोटं तारांवर ठेवली आणि उचलली. शेवटी “शनिवारी बघू,” म्हणून गिटार पिशवीत घातली. मला इतकी लाज वाटत होती, की परतीच्या रिक्षातून उतरताना नेहमीची घासाघीसही मी केली नाही.

मंगळवारी मी ऑफिसला निघाले, तर खालच्या हॉलमध्ये अण्णा वाजवत बसलेले. प्रणीतच्या गाण्याचे, माझ्याकडून घेतलेले ड्रम मोबाइलवर चालू, आणि त्यावर बेस अशी धावत होती की मी जिन्यातच थांबले.

“अण्णा, झालं की!” मी म्हणाले.

स्वयंपाकघरातून अनुसूयाक्का, त्यांची बायको, म्हणाली, “ते आमच्या लेकाच्या, ईशानच्या बारशाच्या आठवड्यातलं आहे. दिवसभर तेवढंच चाललेलं. लेकरू झोपत नव्हतं.”

अण्णांचे हात थांबले. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. तो तुकडा कुठल्याशा जुन्या रेकॉर्डमधला होता. बोटांनी आपणहून काढून दिला होता.

बुधवारी आणखी एक झाला. अक्का फोडणी देता देता म्हणाली, “मामंजी दवाखान्यात होते तेव्हाचं. तुम्ही आवाज बारीक करून वाजवायचात.” गुरुवारी सकाळचा तुकडा तिने दोन सुरांतच ओळखला. “हे तेच बारशाचं, फक्त सावकाश केलंय.”

मला अक्काचा राग आला. बरं चाललंय तर चालू द्यावं की. कुठल्या पोराला कळणार आहे? मी तसं अण्णांना बोललेही.

“मला कळेल,” ते म्हणाले. “शिवलीला, माझ्या बोटांत हजार-दोन हजार गाणी आहेत. एकही माझं नाही. दुसऱ्याचं वाजवायचो ते दुसऱ्याचं म्हणून वाजवायचो, त्यात लाज नव्हती. आता खाली माझं नाव लिहिणार. मग ती चोरी. प्रणीतला फोन कर, माझ्याच्यानं होत नाही म्हणून सांग.”

त्यांचे डोळे भरले होते. मी फोन केला नाही. उद्या करते, म्हणाले.

शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. चार वाजता अक्काने हाक मारली, “शिवलीला, स्वल्प खाली ये ग.” अवरेकाळूचा, म्हणजे वालाच्या ओल्या दाण्यांचा, मोसम होता. भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं घेऊन ती हॉलमध्ये बसली होती. एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची, हे एकट्याचं काम नव्हे. मीही बसले. अण्णा खिडकीशी, गिटार मांडीवर, पण वाजवत नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “त्या गाण्यात काय आहे ग?”

“म्हणजे? तुम्हाला कन्नड येतं की.”

“शब्द ऐकलेच नाहीत मी. कधीच ऐकत नाही. बेस तेवढी ऐकतो.”

मी सांगितलं. ऑफिसातल्या एका माणसाला अकराव्या मजल्यावर साहेबाने बोलावलंय. बहुतेक काढून टाकणार. तो लिफ्टमध्ये शिरतो, वर जातो, दार उघडतं, आणि हा पुन्हा तळमजल्याचं बटण दाबतो. दिवसभर वर-खाली, वर-खाली.

“उतरतो कधी?”

“उतरतच नाही.”

अण्णांना हसू आलं. त्यांच्या कारखान्यातली माणसं काढली ते वर्ष त्यांना आठवलं असावं, कारण मग ते हसायचे थांबले. मोबाइलवर ड्रम लावून ते वाजवू लागले. बेस खालून उड्या घेत वर गेली, वर पोचली आणि एकदम गप्प झाली. एक ठोका रिकामा. नुसता ड्रम. मग घाईघाईने खाली. वर जाऊन, दार उघडताच परत फिरणारी ती लिफ्टच. अण्णांनी कधी रिकामी जागा सोडलेली मी ऐकली नव्हती.

पण अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. आम्ही दोघंही अक्काकडे बघत होतो.

अक्काचे हात पातेल्यात थांबले होते. “पुन्हा वाजवा,” ती म्हणाली.

त्यांनी वाजवलं.

“आणखी एकदा.”

ती डोळे मिटून बसली. पोरांची बारशी, नणंदांची लग्नं, आजारपणं, परीक्षा, सगळी वर्षं ती एकेक करून धुंडाळत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ऐंशी ऐंशी वेळा वाजलेला प्रत्येक तुकडा पलीकडच्या खोलीत भाजी चिरताना या बाईने ऐकला होता. तिला दुसरं काही ऐकायला मिळालंच नव्हतं. माझा कालचा राग कुठल्या कुठे गेला.

“नाही,” ती शेवटी म्हणाली. “हे या घरात कधी वाजलेलं नाही.”

“नक्की?” अण्णांनी विचारलं.

“नक्की.”

“चांगलं आहे का पण?”

“ते मला काय कळतंय? चांगलं की वाईट ते ती मुलं सांगतील,” अक्का म्हणाली. “तुमचं आहे, एवढं मी सांगते.”